गौरीची होडी आणि काठावरची वीज

हे गेल्यापासून भेटायला येणारी माणसं ह्यांच्याविषयी फार गंभीर बोलतात. किती व्यासंगी, किती काटेकोर, किती अबोल. मी मान हलवते, चहा पुढे करते. ते सगळं खरंच आहे. पण माझ्या डोळ्यांसमोर त्या वेळी गोमतीच्या काठावर, भर उन्हात, काळी छत्री उघडून एका लाकडी पेटीशेजारी बसलेले हे येतात आणि हसू दाबायला मला आत जावं लागतं. लोकांना वाटतं, रडायला गेली. कधी कधी दोन्ही होतं.

म्हणून ते लिहून काढायला बसले आहे. हळूहळू जमेल तसं.

आम्ही तेव्हा लखनौला महानगरात राहत होतो. वरचा मजला, दोन खोल्या, खाली घरमालक. मी एका कॉलेजच्या लायब्ररीत होते. हे एका संशोधन संस्थेत, यंत्रं आणि उपकरणं सांभाळणाऱ्या विभागात. सत्तरचं दशक संपत आलं होतं आणि सासरे गेल्यानंतर सासूबाई सांगलीहून आमच्याकडे आल्या होत्या. त्याआधी काही महिने त्या सांगलीला एकट्याच राहून पाहत होत्या. एकदा नळाशी पाय घसरून पडल्या आणि शेजारीण दूध घेऊन येईपर्यंत तशाच पडून राहिल्या. ते कळल्यावर हे स्वतः जाऊन त्यांना घेऊन आले. वाटेत काय बोलणं झालं म्हणून मी विचारलं तर म्हणाले, "इटारसीला गाडी उशिरा सुटली."

लखनौ सासूबाईंना मानवलं नाही. थंडी, ऊन, पाणी ह्यांची तक्रार नव्हती. त्यांना मानवली नाहीत ती इथली माणसं, आणि तीही फार चांगली वागत म्हणून. भाजीवाला "माताजी" म्हणायचा. घरमालकीण दारात भेटली की हात जोडायची. आमची धाकटी मुलगी मराठीतल्या प्रश्नाला हिंदीत उत्तर द्यायची, तेही "जी दादी" म्हणून. सासूबाई एकदा मला म्हणाल्या, "अगं, इथे येऊन वर्ष होत आलं. मला कुणी एक टोमणा मारलेला नाही. मी काय देव्हाऱ्यात बसलेय?"

त्या वर्षी चैत्रात त्यांनी ट्रंक भरली. अमौसीला विमानतळावर नोकरी करणारे एक मराठी गृहस्थ होते. त्यांच्या पत्नीला आम्ही सगळ्या अमौसीच्या बाई म्हणायचो. त्यांचा भाऊ अक्षय्य तृतीयेनंतर सांगलीला परत जाणार होता. सासूबाईंना सोबत मिळाली.

"गौर उठली की मी निघते," त्यांनी जाहीर केलं.

हे म्हणाले, "बरं."

त्या रात्री हे जेवले नाहीत. पोट ठीक नाही म्हणाले. ह्यांचं पोट आयुष्यभर ठीक होतं.

मग अमौसीच्या बाईंकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू झालं आणि सगळं फिरलं. माहेरी आलेली गौर पाळण्यात बसवायची आणि भोवती आरास करायची, ही आपली रीत. अमौसीच्या बाईंनी गौर विमानात बसवली होती. पुठ्ठ्याचं, रुपेरी कागद लावलेलं विमान, आणि पुढचा पंखा खरोखर गरगर फिरत होता. लखनौतल्या यच्चयावत मराठी बायका डाळ खाता खाता त्या विमानाभोवती फिरल्या. परत येताना सासूबाई रिक्षात एक शब्द बोलल्या नाहीत. सरोजिनी नगर गेलं, आलमबाग गेलं, चारबाग गेलं. महानगरात शिरताना त्या म्हणाल्या, "विमान! गौरीला विमान!" आणि जिना चढताना म्हणाल्या, "मला होडी हवी."

"पुठ्ठ्याची?" ह्यांनी विचारलं.

"पुठ्ठ्याची कशाला? तुझ्या हापिसाची आहे ना खरी?"

होती. गोमतीचं पाणी तपासण्यासाठी संस्थेनं एक होडी घेतली होती. रुंद, सपाट बुडाची, मधोमध लाकडी खोली, वर छप्पर. पाण्याचे नमुने थंड ठेवायला आत एक छोटा फ्रिज होता, म्हणून होडी काठाला बांधली की तिला काठावरून वीज द्यावी लागे. ती जोडणी ह्यांनी केली होती.

"होडीत माझ्या हातचं हळदीकुंकू मनासारखं झालं," सासूबाई म्हणाल्या, "तर बघू राहायचं का ते. नाही झालं तर ट्रंक भरलेलीच आहे."

ह्यांनी आईला थांब म्हटलं नाही. ते शब्द ह्यांना येतच नसत. दुसऱ्या दिवशी साहेबांकडून रविवारची परवानगी मात्र घेऊन आले. साहेबांची एकच अट होती, विजेची जबाबदारी तुमची. ही अट ह्यांना घालणं म्हणजे माशाला पोहायची अट घालण्यासारखं होतं. चैत्रात लखनौची दुपार, एकाच खिडकीची लाकडी खोली आणि दहा-बारा बायका. पंखा नसता तर गौर सोडून सगळ्यांना भोवळ आली असती. त्यामुळे राहणं की जाणं हा प्रश्न, ह्यांच्या लेखी, एका टेबलफॅनवर येऊन थांबला.

होडीला वीज देणं हा प्रकार ह्यांनी मला लग्नानंतर अनेकदा समजावून सांगितला होता, बहुधा इतर जोडपी सिनेमाला जातात त्या वेळी. घरात झटका बसला तर माणूस हात झटकतो, ओरडतो, सुटतो. पाण्यात झटकायला जागा नसते. म्हणून काठावर खांबाला लाकडी पेटी, पेटीत मुख्य बटण आणि फ्यूज. वायर होडीपर्यंत बांबूवरून उंच नेलेली, मधे ऐसपैस झोल दिलेला, कारण होडी हलते, नदी चढते-उतरते आणि ताणलेली वायर कधी ना कधी दगा देते. झोल द्यायचा, पण पाण्याला टेकू द्यायचा नाही. जोडताना मुख्य बटण बंद. आधी होडीकडचं टोक लावायचं, मग काठाकडचं, मग टेस्टर लावून वीज ज्या तारेत असायला हवी तिच्यातच आहे ना ते पाहायचं, कारण लखनौच्या खांबांवर ती कुठेही असू शकते. आणि सगळ्यांत महत्त्वाचं अर्थिंग. चुकार वीज माणसातून न जाता जमिनीत जावी, म्हणून काठावर खड्डा खणून त्यात लोखंडी पाइप पुरला होता. भोवती कोळसा आणि मीठ. जागा ओली राहिली पाहिजे, म्हणून होडी सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या मल्लाहला रोज सकाळी तांब्याभर पाणी घालायला सांगितलं होतं.

आता, नदीकाठी एक म्हातारा रोज सकाळी जमिनीतून वर आलेल्या पाइपाला पाणी घालतो आहे, हे पाहून लखनौकरांनी जे करायचं ते केलं. आधी कुणीतरी झेंडूचं फूल वाहिलं. मग शेंदूर आला. मग अंघोळ करून जाणारे लोकही येता-जाता लोटाभर पाणी घालू लागले. ह्यांनी पाटी लावली, "यह बिजली का पाइप है." लोकांनी पाटीलाही शेंदूर लावला. हे चिडले नाहीत. मीटर लावून मोजलं आणि संध्याकाळी मला म्हणाले, "अख्ख्या लखनौत इतकं उत्तम अर्थिंग कुठे नाही."

खरा तंटा चपलांवरून झाला.

"होडीत सगळ्यांनी रबरी चपला घालून बसायचं," हे म्हणाले.

"गौरीसमोर चपला?" सासूबाईंनी कैरी किसायची थांबवली. "त्यापेक्षा मला करंट लागू दे."

"आई, ओल्या फळीवर अनवाणी…"

"गौर माहेरी आलीय रे, कारखान्यात नाही."

दोन दिवस घरात बोलणं बंद. ह्यांनी खडावांचा विचार केला. अयोध्येहून मागवता येतील का, असंही कुणाला तरी विचारून ठेवलं. पण हलत्या होडीत खडावा घातलेल्या बायका डोळ्यांसमोर आल्यावर तो बेत त्यांचा त्यांनीच सोडला. शेवटी तोडगा मी सुचवला: पाट. लाकूड कोरडं असतं, सोवळंही असतं. प्रत्येकीनं येताना आपापला पाट आणायचा आणि पूर्ण वेळ त्यावरच राहायचं. ह्यांनी पाट उलटा करून पाहिला, ठोकला, म्हणाले, "खिळे नकोत. लोखंडी खिळे असलेला पाट चालणार नाही." सासूबाई म्हणाल्या, "आता हा पाटांच्या पत्रिका बघणार."

त्या रविवारी लखनौच्या रस्त्यांवरून भरजरी साड्यांतल्या मराठी बायका काखेत पाट मारून रिक्षांतून गोमतीकडे निघाल्या. माझ्या रिक्षावाल्यानं वळून अदबीनं विचारलं, "माताजी, घर की कुर्सी टूट गई क्या?"

हळदीकुंकवाला पुरुष चालत नाहीत. त्यामुळे ज्याची जबाबदारी त्यालाच आत प्रवेश नव्हता. हे काठावर मुख्य बटणाशी बसणार असं ठरलं. खोलीच्या दाराला पडदा होता, तेव्हा आतलं दिसणार नव्हतं. काही बिघडलं तर कळणार कसं?

"मोठा आवाज होईल असं काहीतरी आत हवं," हे म्हणाले.

"पूजेची घंटा आहे की," सासूबाई म्हणाल्या.

"उत्तम. एकदा वाजवलीत की पंखा सुरू करीन. सतत वाजत राहिली तर धोका समजून वीज तोडीन."

आम्ही तिघंही शिकलेली, समजूतदार माणसं होतो आणि तिघांनाही हे उत्तम वाटलं.

बायका जमल्या. फळीवरून होडीत जाण्याआधी ह्यांनी प्रत्येकीला थांबवून सूचना दिल्या. पायात गमबूट, हातात रबरी हातमोजे, बगलेत एक वाळलेला बांबू. विजेनं धरलेल्या माणसाला हात लावायचा नसतो, कोरड्या लाकडानं बाजूला करायचं असतं, त्यासाठी तो बांबू. "पाटावरून उतरू नका. ओल्या हातानं पंख्याला शिवू नका. मी 'पाय वर' म्हटलं की पाय वर घ्यायचे. आणि काही झालं तरी एकमेकींना धरायचं नाही."

"अहो, हे हळदीकुंकू आहे की होमगार्डची भरती?" अमौसीच्या बाईंनी विचारलं.

"खबरदारी," हे म्हणाले.

"आमच्या विमानाला नव्हती हो लागली खबरदारी."

आतून सासूबाईंचा आवाज आला, "तुमच्या विमानात कुणी बसलं नव्हतं म्हणून!"

मी दचकले. वर्षभरात त्यांचा हा आवाज मी ऐकला नव्हता.

गौर सुंदर दिसत होती. सासूबाईंनी पाळण्याभोवती गोमतीच्या वाळूतल्या लांब कोवळ्या काकड्या, खरबुजं, कैऱ्या मांडल्या होत्या. होडी हलली की पाळणा आपोआप झुलायचा. त्याला मोटर लागत नाही, हे त्यांनी अमौसीच्या बाईंकडे न बघता सगळ्यांना दोनदा सांगितलं. घंटा एकदा वाजवली. काठावर खट्ट झालं, पंखा फिरला आणि बायकांनी "हाश्श" केलं. ह्यांनी ते "हाश्श" काठावर ऐकलं असणार, कारण पाठोपाठ बाहेरून विचारणा झाली, "येतोय का वारा?" आणि मल्लाहनं ह्यांना विचारलेलं आम्हाला आत ऐकू आलं, "साहब, अंदर हो क्या रहा है?" हे म्हणाले, "हमें नहीं मालूम. औरतों का है."

हळदीकुंकू लावून झालं. भिजवलेल्या हरभऱ्यांनी ओट्या भरल्या. आंबेडाळ आणि पन्हं फिरलं. मंडळी पाटांवर इतकी शहाण्यासारखी बसली होती की शाळा तपासणीची आठवण व्हावी. सगळ्या आल्या की गौरीची आरती करायची, ही सासूबाईंच्या घरची रीत. आम्ही पाटांवर उभ्या राहिलो. सासूबाईंनी एका हातात निरांजन घेतलं, दुसऱ्या हातात घंटा, आणि डोळे मिटून आरती सुरू केली.

पंखा थांबला.

"गेली," कुणीतरी म्हणालं. लखनौत वीज जाण्यात नवल नव्हतं. आरती चालू राहिली, टाळ्या चालू राहिल्या आणि घंटा तर जोरातच चालू राहिली. मग होडी एका बाजूला कलली, कारण एक धिप्पाड माणूस गमबुटांसह तिच्यात उडी मारून आला होता. पडदा फाटकन बाजूला झाला. दारात हे, बांबू रोखलेला, चेहरा पांढरा.

"पाय वर!"

आम्ही पाटावर उभ्या होतो. उभ्या माणसानं पाय वर घ्यायचे म्हणजे नक्की काय करायचं, हे सूचनांत नव्हतं. बायकांनी एकेक पाय वर घेतला, होडी डुलली आणि जिनं तिनं शेजारणीला मिठी मारली.

"एकमेकींना धरू नका!" हे ओरडले, आणि त्यांची नजर आईकडे गेली. सासूबाईंचे डोळे मिटलेले. मूठ घंटेवर घट्ट आवळलेली, आणि हात थडाथडा हलतो आहे. वीज माणसाला धरते तेव्हा मूठ सुटत नाही, हे ह्यांनी मला कितीतरी वेळा सांगितलं होतं.

"आई चिकटली!"

माझ्या तेव्हा लक्षात आलं. "अहो, आर…" एवढंच मी म्हणू शकले. ह्यांनी बांबू उचलला आणि, मी शपथेवर सांगते, अतिशय हलक्या हातानं, एखादं फुलपाखरू उडवावं तसा, आईच्या हातातल्या घंटेला लावला. घंटा हातातून सुटली, गौरीच्या डोक्यावरून गेली, खिडकीतून बाहेर पडली आणि गोमतीत डुबुक असा आवाज आला.

सासूबाईंनी डोळे उघडले. समोर मुलगा. गमबूट घालून. गौरीसमोर.

"अरे मेल्या," त्या म्हणाल्या, "आरती चाललीय!"

ह्यांनी बांबू खाली केला. आईच्या चेहऱ्याकडे, हाताकडे, पुन्हा चेहऱ्याकडे पाहिलं. "तुला काही… लागलं नाही ना?" हे त्यांनी इतक्या हळू विचारलं की मला वाटतं फक्त आम्हा दोघींनाच ऐकू गेलं. आईला ते 'तू' क्वचितच म्हणायचे.

हे मागे वळून निघून जायला लागले, पण सासूबाईंनीच त्यांना अडवलं. "आता आलायस तर थांब. अर्धी आरती टाकून जायचं नसतं. आणि ते बूट काढ!"

आरती अर्धवट राहिली होती, घंटा नदीत होती, आणि कुणाला पुढचं आठवेना. मग अमौसीच्या बाईंनीच टाळी धरली आणि जिथं तुटली होती तिथून आरती उचलली. आम्ही सगळ्या गायला लागलो. हे कोपऱ्यात एका पाटावर मोज्यांनिशी उभे होते आणि रबरी हातमोज्यांनी टाळ्या वाजवत होते. त्या टाळ्यांचा आवाज बदकानं चिखलात चालावं तसा येत होता. आधी एकीला हसू फुटलं, मग दुसरीला. शेवटच्या ओळीला आवाज उरला तो एकट्या सासूबाईंचा, बाकी सगळ्या तोंडाला पदर लावून पाटांवर बसल्या होत्या.

अमौसीच्या बाईंनी डोळे पुसले. "आजी, काही म्हणा," त्या म्हणाल्या, "आमच्या विमानात असं काही झालं नव्हतं."

"तुमचं विमान उडालं तरी होतं का?" सासूबाई म्हणाल्या. "आमची घंटा तरी उडाली!"

मग जे सुरू झालं त्याला भांडण म्हणता आलं असतं, पण दोघींचे चेहरे उजळले होते. आंबेडाळीत साखर जास्त पडल्याचं निघालं. सांगलीकडे डाळ अशीच करतात असं उत्तर आलं. सांगलीकडे सगळंच असं करतात का, पाहुण्यांना एका पायावर उभं करून, असं निघालं. अमौसीला पाहुणे बसतात कुठे, विमानाच्या पंखाखाली का, असं आलं. कुणी "माताजी" म्हणेना. सासूबाईंनी मधेच मुलाच्या हातात वाटी ठेवली, दुसऱ्या हातात ओंजळभर हरभरे ओतले. "घे. तुझी पण ओटी भरली." ह्यांनी हातमोज्यातले हरभरे बघितले आणि खाल्ले.

पंखा पुन्हा लावायचं कुणाला सुचलं नाही.

उन्हं कलल्यावर बायका आपापले पाट ओळखून काढू लागल्या. फळीवर उभं राहून अमौसीच्या बाईंनी विचारलं, "मग आजी, भावाला काय सांगू? कधी येतो म्हणावं तुम्हाला न्यायला?"

हे पेटीपाशी वाकून वायर गुंडाळत होते. त्यांचे हात थांबले. मीही हरभऱ्यांचं पातेलं धरून तशीच उभी राहिले.

"का?" सासूबाई म्हणाल्या. "तुमच्या भावाला एकट्यानं जायला भीती वाटते? एवढा मोठा घोडा!"

अमौसीच्या बाई हसत हसत रिक्षात चढल्या. पाट विसरल्या, परत आल्या, पुन्हा चढल्या. आम्ही तिघं मागे राहिलो. ह्यांनी वायर पुरती गुंडाळली, पेटीला कुलूप लावलं, टेबलफॅन काखेत घेतला. घाटाच्या पायऱ्या चढताना आईला धरावं की नाही हे ठरत नव्हतं, म्हणून ते तिच्या एक पायरी मागून चालले.

"आई," शेवटी त्यांनी विचारलं, "पंख्याचा वारा बरा लागत होता ना सगळ्यांना?"

तो पंखा आरतीला बंद पडला तो पुन्हा लागलाच नव्हता. सासूबाई थांबल्या, दम खाल्ला.

"लागत होता की. थंडी वाजली रे मला."

हे दोन पायऱ्या विचार करत चढले.

"मग पुढच्या वर्षी," ते म्हणाले, "स्पीड कमी ठेवतो."

"ठेव," सासूबाई म्हणाल्या.